पुस्तकातले पहाड आणि आल्पश्पिट्झवरचा जावई

रस्ता, खर्च, खाणं हे सगळं या ब्लॉगवर नेहमीसारखं सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तिकडे जायचं असतं. बाकीचं सांगायची लाज वाटते आहे, पण तेही सांगतो.

मी जर्मनीत र्युसेल्सहाइममध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो आणि उरलेला वेळ सोफ्यावर पडून गिर्यारोहणाच्या सत्यकथा वाचतो. पायावर पांघरूण, हातात चहा आणि समोरच्या पानावर कुणाची तरी बोटं हिमदंशाने काळी पडताहेत. यात मजा आहे, उगाच नाही कशाला म्हणू? आपलं नखसुद्धा मोडत नाही आणि धाडस केल्यासारखं वाटतं. त्याहून मोठी मजा म्हणजे आयतं न्यायाधीश होता येतं. कुणी कधी मागे फिरायला हवं होतं, कुणी कुणाला धरून ठेवायला हवं होतं, सगळं आपल्याला कळतं.

जवळच्या एश्बॉर्नला आमचा मराठी वाचनगट भरतो. जूनमध्ये तिथे मी एका गिर्यारोहकाच्या आत्मकथनावर बोललो. जखमी जोडीदाराला मागे ठेवून हा एकटा खाली आला होता. अर्धा तास मी त्याची यथेच्छ सालटी काढली. "असल्या माणसाला मी घरात घेणार नाही," असंही म्हणालो. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी नाना, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. ते तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, दर रविवारी सिंहगड चढणारे. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, म्हणाले, "मिलिंदराव, इतका अभ्यास आहे तुमचा, तर एकदा मलाही न्या की डोंगरावर."

घरी माझी बायको वीणा म्हणाली, "अरे, पण तू स्वतः कधी चढलायस?"

"सगळं वाचलंय गं मी."

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी दोघेच आल्पश्पिट्झ चढायला निघालो, गार्मिश गावाजवळचा आल्प्समधला डोंगर. र्युसेल्सहाइम ते गार्मिश गाडीने पाच तास धरा, आम्हाला साडेसहा लागले, कारण उल्मजवळ भला मोठा श्टाऊ, म्हणजे ट्रॅफिक जाम. बरोबर वीणाने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे वाटेतल्या महागड्या सँडविचचे पैसे वाचले. गार्मिशमध्ये साध्या पेन्शनात, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, दोघांची खोली नाश्त्यासकट एकशे दहा युरोला मिळाली. क्लेटरश्टाइग, म्हणजे कड्यात ठोकलेल्या लोखंडी तारेला स्वतःला अडकवत चढायची वाट. त्यासाठी लागणारा पट्टा, आकडे आणि हेल्मेट दुकानात दिवसाला वीसेक युरो भाड्याने मिळतात. दुकानदाराने विचारलं, अनुभव आहे ना? मी म्हटलं, "जा, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी. मग तो पट्टा मी उलटा चढवला. नाना दुसरीकडे बघत उभे राहिले.

शनिवारी पहिल्या लिफ्टने वर गेलो. तुम्हीही पहिलीच पकडा, नंतर तारेवर रांग लागते आणि दुपारी ढग येतात. चढ सोपा म्हणतात, तो खरंच सोपा आहे. खडकात लोखंडी पायऱ्या, जागोजागी शिड्या. एक आकडा काढायचा, पुढे लावायचा, मग दुसरा. नाना शांतपणे लय धरून चढत होते. मी त्यांना हिमालयातल्या मोहिमांच्या गोष्टी सांगत होतो. ते म्हणाले, "अहो, श्वास राखा थोडा." माथ्यावर क्रूसापाशी बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या. सगळं बव्हेरिया पायाशी पसरलं होतं. मला फार भारी वाटलं.

उतार घसाऱ्याचा आहे, मधेमधे तार आहे. अर्ध्यात नानांचा गुडघा धरला. ते खडकाला टेकून बसले आणि म्हणाले, दहा मिनिटं द्या. तेवढ्यात पश्चिमेकडे गडगडलं. माझा हात तारेवर होता. वीज लोखंडावर पडते हे मी इतक्या वेळा वाचलंय की दुसरं काही सुचेचना.

"नाना, मी पुढे जाऊन मदत आणतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. जपून जा."

माझ्या खिशात फोन होता आणि त्याला रेंज होती. मदत मागायची तर ११२ लावून त्यांच्या शेजारी बसता आलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी फोन काढला नाही. मी जवळजवळ पळत सुटलो, आणि मोठा पाऊस यायच्या आत लिफ्टच्या स्टेशनवर पोचलो.

मदत तिथे तरी मागायची. काउंटरवर माणूस होता. पण काय सांगणार, म्हाताऱ्या सासऱ्यांना वर सोडून आलो? म्हटलं, आधी दम खाऊ. मी उपाहारगृहात गेलो आणि सूप घेतलं. साडेआठ युरो, बटाट्याचं, चांगलं असतं. मी ते संपवलं.

पाऊण तासाने नाना आले, ओलेचिंब. दोन्ही बाजूंनी दोन मध्यमवयीन जर्मन बायका त्यांना धरून होत्या. त्यातली एक मला इंग्रजीत म्हणाली, "तुम्हीच जावई का? हे सारखे तुमचीच काळजी करत होते, एकटाच गेलाय म्हणून."

नाना म्हणाले, "चला, लिफ्ट बंद होईल."

रविवारी परत आलो. गाडीत आम्ही मराठी शाळांपासून डिझेलच्या दरापर्यंत सगळं बोललो, तेवढं सोडून. घरी नानांना लंगडताना बघून वीणाने दारातच विचारलं, गुडघा कसा दुखावला. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "अगं, मिलिंदराव होते म्हणून. धरून उतरवलं त्यांनी मला."

जावयाचा मान म्हणतात तो हा. आजवर त्यापोटी मी धोंड्याच्या महिन्यातले अनारसे खाल्ले होते, चांदीचं ताट घेतलं होतं, काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तोंड लपवावंसं वाटलं, आणि तरीही मी गप्प बसलो. वीणाने रात्रीच्या जेवणात मला जास्तीचं तूप वाढलं. पुढच्या आठवड्यात गटातल्या सगळ्यांना तिने ही गोष्ट कौतुकाने सांगितली. मी तिथेही हसून घेतलं.

नाना सप्टेंबरमध्ये परत गेले. गेल्या रविवारी मी त्यांना एकट्याने फोन केला आणि विचारलं, तुम्ही खोटं का सांगितलंत?

ते म्हणाले, "मी तीन महिन्यांचा पाहुणा होतो, मिलिंदराव. तिला तुमच्याबरोबर आयुष्य काढायचंय."

गुडघा आता बरा आहे का, एवढंच मी विचारलं आणि फोन ठेवला.

कपाटातली पुस्तकं तशीच आहेत. वाचेन बहुतेक पुन्हा. पण असं पळून आलेल्या त्या गिर्यारोहकाने हे सगळं स्वतःच्या नावानिशी लिहून कसं काढलं असेल, एवढाच प्रश्न सध्या पडतो.

माझी प्रत्येक पोस्ट टाकायच्या आधी वीणा वाचते. ही मी तासाभरापूर्वी तिच्या हातात दिली. ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. अजून बाहेर आलेली नाही.