आपलं म्हणजे कुणाचं?

आमच्या मोहिनी आत्याची नोकरी दोन ऑफिसांच्या भांडणावर चालते. तिची कंपनी द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर लिहिते. कोड साठवायच्या दोन प्रणाली आहेत: सिन्नरचं जुनं ऑफिस आपला कोड सबव्हर्जनमध्ये ठेवतं, नाशिकची नवी मंडळी गिटमध्ये, आणि एकालाही दुसऱ्याकडे यायचं नाही. म्हणून तिकडचे बदल इकडे आणि इकडचे तिकडे वाहायला मध्ये आत्या. दोघांनी एकच ओळ बदलली की संगणक अडतो. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडतो आणि गप्प बसतो. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. कुणाची ओळ राहणार ते आत्याने ठरवायचं आणि ज्याची गेली त्याच्या शिव्या खायच्या.

नाशिकचा ललित गोड बोलून चावतो. "नाही, म्हणजे, तुझा प्रॉब्लेम मला समजतोय गं. फक्त तुला तो समजतोय का?" सिन्नरचे भिकनभाऊ तिला नाशिकचीच धरतात आणि थेट हाणतात. "ताई, तुम्ही कोड जोडता का आमची कबर खोदता?" मालक योगेश सर दोघांचं ऐकून घेतात आणि झापतात आत्याला. ती अजून कायम झालेली नाही. "पुन्हा कुणाचं काम गायब झालं," सर मागे म्हणाले होते, "तर तू घरीच बस." ती घरी बसूनच काम करते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

गेल्या आठवड्यात दोघे वजनाच्या ओळीवर आदळले. भिकनभाऊंनी द्राक्षं भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटचं वजन एकूण वजनातून वजा केलं होतं. ललितने त्याच ओळीत दशांश उडवून आकडा गोल केला होता. आत्याने भिकनभाऊंना फोन लावला.

"कुणाचं ठेवू?"

"आपलं ठेवा की!" म्हणून भाऊंनी फोन आपटला.

आत्या खूश. हा माणूस माघार घेतोय, तेही इतक्या अदबीने! तिने नाशिकची ओळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडच्या पॅकहाऊसमध्ये प्लास्टिकही द्राक्षं म्हणून तोललं गेलं. काटा बंद, गाड्या रांगेत, आणि आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर तिघे एकदम ओरडतायत.

"मोहिनी, सबव्हर्जनशी जुळवताना गिट ज्याला 'आवर्स', म्हणजे 'आपलं', म्हणतं ना, ते तिकडचं, सिन्नरचं असतं," ललित म्हणाला. "उलटं होतं ते. बेसिक आहे गं."

"माहीत आहे. मला गिटने नाही फसवलं, भिकनभाऊंनी फसवलं."

"म्या? म्या सांगितलं व्हतं, आपलं ठेवा! आपलं म्हंजे आपलं. सिन्नरचं!"

"मला वाटलं, आपलं म्हणजे माझं. तुम्ही मला नाशिकचीच धरता ना! आदराने म्हणताय."

"आदर?" भाऊंचा आवाज फाटला. "तुम्हाला? म्या कशाला देऊ?"

ललित खिंकाळला.

"बास!" सर ओरडले. "कुणाची ओळ बरोबर?"

"दोन्ही." आत्याची बोटं मघापासून चालूच होती. "आधी कॅरेट वजा, मग आकडा गोल. पाठवलंय दोन्हीकडे. निफाडला काटा सुरू करायला सांगा."

"मग कालच का नाही केलंस?"

"कारण मीही तुमच्यासारखीच कुणाचं, कुणाचं करत बसले. ओळ काय म्हणते ते वाचलंच नाही."

"वाचलंच नाही! ऐका सर," ललित म्हणाला. "काढा हिला."

"काढाच," भाऊ म्हणाले. "म्या कवाधरनं सांगतोय."

"काढतो. ललित, उद्यापासून हे काम तू..."

"मी? नाही, म्हणजे, सर... नको."

"भिकन?"

"नाय ब्वा. त्या गिटला हात लावण्यापरीस म्या द्राक्षं खुडीन."

तेवढ्यात निफाडहून काटा नीट चालल्याचा मेसेज आला. सर खाकरले.

"मोहिनी, तूच राहा. पण लक्षात ठेव..."

"राहते. कायम केल्याचं पत्र आजच पाठवा. आणि 'कुणाचं ठेवू' म्हणून इथून पुढे मी कुणालाही फोन करणार नाही. वाचीन आणि मला पटेल ते ठेवीन."

"ही दादागिरी हाय!" भाऊ म्हणाले.

"आहे," आत्या म्हणाली आणि तिघांची तोंडं एका बटणात बंद केली.