खांद्याच्या बदल्यात

लातूरच्या डॉक्टरांनी माझा उजवा हात हळूच वर उचलला. तो कानापर्यंत गेलाच नाही. "पॅड धरणं आता बंद," ते म्हणाले.

मी मुलींना कराटे शिकवते. शिकवणं म्हणजे निम्मा वेळ जाड पॅड छातीशी धरून उभं राहायचं आणि समोरच्या मुलीच्या लाथा झेलायच्या. इतक्या वर्षांच्या लाथा खांद्यात साठून राहिल्या होत्या. दवाखान्यातून बाहेर पडताना वाईटसुद्धा वाटलं नाही, नुसता शीण आला.

त्या आठवड्यात रेणापूरहून बसनं येणारी मुलगी क्लासला आली नाही. माझ्याकडची सगळ्यात जोरकस लाथ तिची. दवाखान्यात जाण्याआधी पॅड माझ्या हातातून गळून पडलं ते तिच्याच लाथेनं, आणि सगळ्या मुलींनी ते बघितलं होतं. मी फोन केला.

"मॅडम, माझ्यामुळंच झालं ते," ती म्हणाली.

"न्हाई गं. खांदा आधीच झिजला होता."

"पर मला आता मारावंच वाटंना."

तिला समजावत बसायचं बळ माझ्यात नव्हतं. जिला दुखत नाही अशी एखादी वस्तू तिच्यासमोर उभी करायला हवी होती.

आमचा क्लास एका शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरतो. लाथा मारायची बॅग टांगली की सगळे पत्रे खडखडतात, म्हणून शाळेनं टांगायला मनाई केलेली. म्हणजे जमिनीवर उभी राहणारी, जड बुडाची बॅग हवी. लातुरात मिळाली ती खेळण्यासारखी, बुक्की मारली की डुलत बसणारी. मोबाईलवर सगळ्या सारख्याच दिसायच्या. लाथ मारल्याशिवाय त्यातलं काय कळणार? शेवटी एका रविवारी नवऱ्याला घेऊन नांदेडला निघाले. अहमदपूरच्या पुढं मला झोप लागली ती लोह्यात गाडी थांबल्यावर मोडली.

"मुलासाठी का, साहेब?" नांदेडच्या दुकानात दुकानदारानं नवऱ्याला विचारलं.

"यांना विचारा. कराटे या शिकवतात."

दुकानदारानं माझ्या पांढऱ्या केसांकडं एकदा बघितलं आणि एक उंच, चकचकीत लाल बॅग पुढं ओढली. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या. पहिल्याच लाथेला बॅग फरशीवरून सरकत काउंटरला जाऊन टेकली.

"रिकामी हाय ना ताई. बुडात पाणी भरलं की हलणार न्हाई."

"मग भरलेली दाखवा."

भरलेली एकच होती, दुकानाच्या मागच्या खोलीत. त्याचा भाऊ तिच्यावर सराव करायचा. बुटकी, काळी, दिसायला ओबडधोबड. बुडात पाण्याऐवजी रेती. मी जोर लावून लाथ मारली. ती मागं झुकली, परत सरळ झाली आणि जागेवरच राहिली. मग दोन्ही बॅगांवर खाली, गुडघ्याच्या उंचीला मारून बघितलं. लाल बॅगेत तिथं फोम पातळ होता, आतला पाइप थेट नडगीला लागला. काळीचा फोम तळापर्यंत जाड होता.

पण रेणापूरची मुलगी उंच. तिची डोक्याच्या उंचीची लाथ या बॅगेच्या वरून गेली असती. मी दोन्ही बॅगांच्या मधे उभी राहून विचार करत राहिले. नडगी ठणकत होती. नवऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली. "दमलीस. पुन्हा येऊ वाटल्यास."

पुन्हा येण्याइतकी ताकद मला शिल्लक वाटत नव्हती. वरची लाथ हवेत मारूनही शिकवता येईल, पोरींच्या नडग्या मात्र फुटायला नकोत, असं ठरवून मी काळीसारखी नवी बॅग मागितली.

नवऱ्यानं दोन दिवस खपून रेती चाळली आणि बुडात भरली. मी रेणापूरला पुन्हा फोन केला. "नुसतं बघायला ये."

ती आली, बॅगेभोवती फिरली आणि एक हलकी लाथ मारली. मग थांबली.

"काय झालं?" मी खुर्चीतून विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बघून कळायचं मला, नीट बसली का न्हाई. हिच्याकडं बघून काय कळंना."

"मी सांगते की. मार."

तिनं मारली. "कंबर वळली नाही," मी म्हणाले. तिनं पुन्हा मारली. "आता बसली." त्यानंतर तिनं जी लाथ घातली, तिच्या आवाजानं बाकीच्या मुली मागं वळून बघायला लागल्या. बॅग आडवी व्हायच्या बेतात झुकून सावरली. मुलगी क्षणभर घाबरून माझ्या खांद्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं आणि तिनं पाय बदलला.

मला हायसं वाटलं. पण तासभर नुसतं बघून, बोलूनही मी एवढी थकले की उठताना दोन मुलींना माझा डावा हात धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशीही आली. मी खुर्ची भिंतीशी ओढून घेतली आणि पाठ टेकून तिच्या लाथा बघत राहिले.