राजपुत्राची पहिली बायको

एका युरोपीय राजघराण्याच्या इतिहासात मी फेरफार केला आहे, आणि हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घराणं तसं लहान होतं — राज्य आपल्या एखाद्या तालुक्याएवढं, तेही युद्धानंतर गेलेलं. उरलेला राजपुत्र अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये राहायचा. मी पीएचडी करत होतो आणि २००४ ते २००८ त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने होतो. ऐंशी वर्षांचे युवराज आणि मी, आम्ही दारातला बर्फ आळीपाळीने काढायचो.

त्यांची तीन लग्नं झाली. पहिली बायको मार्टा. दोघं अमेरिकेत आले तेव्हा युवराजांना घोड्यावर बसता यायचं आणि चार भाषांत आभार मानता यायचे. मार्टाने अकरा वर्षं लाँड्रीत लोकांच्या शर्टांना इस्त्री केली. मग एका श्रीमंत विधवेला नावामागे किताब हवासा वाटला, आणि हे मार्टाला सोडून गेले. ते लग्न दोन वर्षं टिकलं. माफी मागायला परतले, तोवर मार्टा वारली होती. तिसरी हेलन, निवृत्त ग्रंथपाल. तिला सगळं ठाऊक होतं. रोज चहाला मार्टाचं नाव निघायचं, आणि हेलन शांतपणे बिस्किटं पुढे करायची.

आमच्या तिथल्या मराठी मंडळाला याची कुणकुण लागली. मंडळाच्या अध्यक्ष लिमयेकाकू म्हणाल्या, "अरे, तुझा घरमालक प्रिन्स आहे आणि आम्ही दर गणपतीला त्याच त्या डेंटिस्टला बोलावतोय?"

त्या गणपतीला युवराज आणि हेलनला बोलावलं, आणि स्टेजवरून पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. युवराजांनी एकच मागितलं — मार्टाचं नाव घ्या. इतक्या लोकांसमोर ते कधी घेतलं गेलं नव्हतं.

काकूंनी माझा कागद वाचला. "तीन बायका? स्टेजवरून? आणि मग मी त्या हेलनबाईंची ओटी भरायची? एकच ठेव बाबा."

मी एकच ठेवली. का? तत्त्वासाठी नाही. रविवारी मी काकूंकडे जेवायचो. इस्त्रीची अकरा वर्षं मी हेलनच्या नावावर टाकली — तशीच्या तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेलन ओटीतला नारळ तान्ह्या बाळासारखा सांभाळत बसली होती. मराठी तिला कळत नव्हतं, नाहीतर तीच उठून उभी राहिली असती.

परतताना गाडी मी चालवत होतो. "मी कान देऊन ऐकत होतो," युवराज म्हणाले. "मार्टा ऐकू आलं नाही."

तेव्हा तरी सांगायचं. दुसरं काय झालं असतं — ओरडले असते? त्यांना ओरडताही येत नव्हतं. पण मी म्हणालो, "आमच्याकडे मंगल प्रसंगी गेलेल्या पत्नीचं नाव घेत नाहीत. आदर म्हणून. उल्लेख मात्र केला."

अशी प्रथा नाही. दोन सिग्नलच्या मध्ये मी ती तयार केली — मी, राजेरजवाड्यांच्या मानपानाला आयुष्यभर हसणारा माणूस.

युवराज म्हणाले, "चांगली पद्धत आहे. मी ते नाव फार स्वस्त केलं होतं."

दुसऱ्या दिवशी चहाला ते "माझी पहिली पत्नी" म्हणाले. पुढे तेही कमी झालं. मला वाटलं, विसरतील माझं बोलणं. विसरले नाहीत. त्यानंतरही रोज चहा होत होता, वर जायला बारा पायऱ्या होत्या — आणि मी पायऱ्या चढून जायचो, चहा प्यायचो, खाली यायचो.

२००८ च्या वसंतात ते गेले. प्रार्थनासभेचं कार्ड हेलनने केलं. वर किताबांच्या तीन ओळी, खाली पत्नींचा उल्लेख. दुसरीचं नाव होतं, हेलनचं होतं. पहिलीच्या जागी नुसतं "पहिली पत्नी". हेलन म्हणाली, "त्यांनी तसं लिहून ठेवलं होतं. तुमच्याकडची पद्धत ना?"

मी हो म्हणालो.

छापायच्या आधी मजकूर तपासायला तिने तो माझ्याकडे दिला. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला.