अँटेना धरणारी

अंतराळयानाची ती मालिका माझ्या लहानपणापासून अजून चालूच आहे. काल लेक आणि मी नायकाच्या साथीदारांना नंबर देत बसलो होतो. पहिला कोण, यावरून आमची चांगलीच जुंपली. माझं मत त्या इंजिनवालीला. नायक निसटेपर्यंत ती यानाचं दार धरून उभी राहते आणि स्वतः मागेच राहते.

शेजारी माझी ताई मेथी निवडत होती. लेकीनं विचारलं, "आत्या, तुझा पहिला नंबर कोणाला?"

"मला गं काय माहीत? तुझा बाबा मालिका बघायचा तेव्हा मी गच्चीवर अँटेना धरून उभी असायचे." ताई हसली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मला हसता येईना. पडद्यावर मुंग्या आल्या की मी खालून ओरडायचो, "ताई, जरा डावीकडे! हां, दिसतंय! आता हलू नकोस!" आणि ती खरंच हलायची नाही, अगदी भाग संपेपर्यंत.

कुठला साथीदार कधी गेला, सगळं मला पाठ आहे. पण "ताई, तू खाली ये, आता मी धरतो," असं एकदाही ओरडल्याचं आठवत नाही.