कलिंगडावर घातलेला आळ

जपानातल्या होकुएईच्या माळावर जूनमध्ये कलिंगडं पिकली की अख्खं गाव तासातासाला लघवीला पळतं. कुणी कुणाला हसत नाही. त्सुनेकिचीआजोबांचं दुखणं दडून राहिलं ते यामुळेच.

आजोबा शेतकरी संघाच्या शेडमध्ये टिचकीवाले. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक कलिंगडाला टिचकी मारायची आणि आतून पोकळ की गच्च, ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. एकतीस वर्षं हाच मान. पण त्या हंगामात दर अर्ध्या तासाला ते नाहीसे व्हायचे आणि पट्टा थांबायचा. शेडप्रमुख कामेदा मोठा गोडबोल्या. पुढच्या वर्षी आजोबांना बसून करायचं काम बघू, असं तो म्हणाला. आजोबांनी घाबरून पाणीच तोडलं. तोंडाला कोरड पडली, फेऱ्या तेवढ्याच.

सप्टेंबर उजाडला. गाव थांबलं, आजोबा थांबेनात. फुसाएआजींनी नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला तिसरं नवं भोक पाडलं आणि विषय काढला.

“अहो, आता कुणाच्या नावाने खडे फोडणार? कलिंगड संपून महिना झाला.”

“चहाने होत असेल.”

“चहा मीही ढोसते. मी कुठे वाळतेय?”

वर आजींनी मासेवाल्याने दिलेलं कॅलेंडर काढून दाखवलं. प्रत्येक फेरीची एक रेघ. बाई तीन दिवस पाळतीवर होती!

दवाखान्यात तेच कॅलेंडर बघून युरा डॉक्टरीणबाई खूश झाल्या. जळजळ, ताप काही नव्हतं; तहान मात्र होती, वजन उतरलं होतं. लघवी आणि रक्त तपासलं, तर साखर निघाली.

“आजोबा, हंगामात चार फेऱ्या वाढल्या तर माझ्याकडे येऊ नका. पण खाणंपिणं नेहमीचं असून फेऱ्या चालूच राहिल्या, तहान भागेना, अंग उतरलं, तर लगेच या. जळजळ, ताप, लघवीत रक्त किंवा लघवी अडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी. आणि पाणी तोडायचं नाही.”

आजोबांनी एकच विचारलं, “टिचकी मारता येईल ना?”

“टिचकीत साखर नसते.”

गोळ्या सुरू झाल्या, भात अर्ध्यावर आला, पट्ट्याचं एक भोक परत मिळालं. पुढच्या जूनमध्ये कामेदा घड्याळ घेऊन शेजारीच उभा. आजोबा हलले ते चहाच्या सुट्टीत, सगळ्यांबरोबर. बसून करायच्या कामाचा विषय कामेदाने पुन्हा काढला नाही.

घरी आजींनी फोड कापून ठेवली होती, पलीकडचा दाइसेन डोंगर दिसेल इतकी पातळ. आजोबांनी तिलाही टिचकी मारून बघितली.