डेलमंट पेल्कीची शेगडी आणि एका रेषेतले गठ्ठे

आमच्या वसाहतीत बावीस घरं, सगळी कारखान्यात तयार होऊन ट्रकच्या पाठीवर आलेली. जमिनीपासून हातभर उंच, खाली पोकळी, भोवती पत्र्याची झालर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला थंडी त्या पोकळीतूनच पायात शिरते. म्हणून शेतातले बटाटे निघाले की आम्ही झालरीला बाहेरून वाळल्या गवताचे गठ्ठे लावतो, आणि कोणाचे वाकडे बसले यावर महिनाभर नाकं मुरडतो. या कामात डेलमंट पेल्कीचा हात कोणी धरू शकत नाही. बाकी कुठल्या कामात धरावा असं मला कधी वाटलेलं नाही.

कागदाच्या गिरणीत तीस वर्षं बॉयलरवर होतो, असं तो सांगतो. बॉयलरच्या आवाराचं फाटक उघडायचा, असं त्याची बायको वर्ना सांगते. मी वर्नावर विश्वास ठेवते.

त्याच्या भिंतीतल्या शेगडीवर पाटी आहे: काचेची दारं लावूनच जाळ करा, जमिनीखालून येणारी हवेची नळी मोकळी ठेवा. आमची घरं डब्यासारखी घट्ट, आगीला हवा त्या नळीतूनच मिळते. डेलमंटने दारं काढून शेडमध्ये टाकली. "काचेआडची आग म्हणजे टीव्ही! आग काय असते ते मला नका शिकवू." धुराचा अलार्म कोकलायला लागला तेव्हा त्याची बॅटरी काढली. धगधगती राख कागदी पोत्यात भरून लाकडी पायरीवर ठेवली. पायरीला भोक पडलं, तर म्हणे लाकूडच कुजकं होतं.

या वर्षी वर्नाला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, घरात धूर होत असेल तर हिने हिवाळाभर बहिणीकडे, कोरीनकडे, बँगर शहरात राहायचं.

"कोरीनने बिछानासुद्धा घालून ठेवलाय म्हणे," डेलमंट टपालपेटीपाशी मला म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "वर्ना शनिवारी घरीच येणार. दुसरीकडे कशाला जाईल?"

मला दया यायच्या बेतात होती, तेवढ्यात त्याने माझी लाकडं चुकीची रचलीत हे सांगायला घेतलं.

मंगळवारी त्याने शेगडी पेटवली आणि खोकत अंगणात आला. आधी लाकूड ओलं होतं, मग वारा उलटा होता, मग धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलं होतं. छपरावर चढून ब्रश घातला. धुराडं लख्ख. शुक्रवारी मीच गेले.

"डेलमंट, तुझी हवेची नळी बाहेर कुठे उघडते रे?"

"मागच्या बाजूला."

"मागे तर गठ्ठे आहेत."

"असणारच. मी लावलेत. एका रेषेत."

"मग हवा काय तुझी परवानगी काढून आत येते?"

"तू तुझं शिवणकाम बघ, रॉक्सी. त्या भोकातून गार वारा यायचा. बुजवल्यापासून पाय कसे ऊबदार आहेत."

"आणि डोळे?"

डोळे टोमॅटोसारखे झाले होते. पण अख्खी गल्ली बघून गेलेली ती रांग हा माणूस मोडेल? बायको गेली तरी चालेल, रेष राहिली पाहिजे! मी घरी आले आणि वर्नाला फोन लावला. अशी कामं मी उधारीवर ठेवत नाही.

शनिवारी सकाळी बाहेर पाणी गोठत होतं आणि डेलमंटच्या खिडक्या सताड उघड्या. कोरीनची गाडी दिसताच त्याने फटाफट लावल्या. वर्ना माझ्या हाताचा आधार घेत आत आली आणि बसली.

"पेटव. बघू दे."

खिडक्या नुकत्याच लावलेल्या, त्यामुळे जाळ सुरुवातीला छान धरला. डेलमंटने छाती फुगवली. वर्ना उठली आणि स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा तिने चालू केला. पंखा घरातली हवा बाहेर फेकायला लागला, नळी तर बुजलेली, मग हवा आली ती धुराड्यातून उलटी, सगळा धूर बरोबर घेऊन. वर्नाला खोकल्याची उबळ आली. मी तिला बाहेर काढलं.

"कोरीन, गाडी बंद करू नकोस," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

डेलमंट मागोमाग. "वर्ना, अगं आज वारा जरा..."

"गठ्ठे, डेलमंट."

"कुठले गठ्ठे?"

"पंधरा मिनिटं थांबते. मग बँगर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ओलं लाकूडही पेटलं असतं. मग पहार घेऊन मागे गेला. गठ्ठे जमिनीला गोठून चिकटलेले. गल्लीतल्या सगळ्या पडद्यांच्या फटीतून डोळे लागलेले, आणि हा गुडघ्यांवर बसून आपल्याच हाताने ती रेष मोडतोय. चार गठ्ठे फोडल्यावर नळीचं तोंड दिसलं. त्यात हात घालून तो ओढायला लागला. निघाला लोकरीचा आतला पायजमा. त्याचाच. आधी एक पाय, मग दुसरा, मग बुडावर लावलेलं ठिगळ. ते सगळ्यांना दिसावं म्हणून मी बाजूला सरकले.

काचेची दारं शेडमधून आणून त्याने बसवली. धूर घालवायला उघडलेल्या खिडक्या पुन्हा लावल्या, पंखा चालू केला. जाळ सरळ उभा राहिला, धूर वर गेला. वर्ना गाडीतून उतरली आणि दारातून तिने जाळ बघून घेतला.

"कोरीन, तू नीघ," ती म्हणाली. "बिछाना काढून ठेव."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत डेलमंट श्वास रोखून उभा होता. मग काहीतरी गोड बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं.

"आधी तो पायजमा धुवायला टाक," वर्ना म्हणाली.