बसमागची स्कूटी

दहिवलीच्या थांब्यावर आंतरराष्ट्रीय शाळेची बस आली की एक बाई आपल्या मुलीला चढवायची आणि लगेच स्कूटीवरून बसच्या मागे निघायची. नजर सगळी मागच्या काचेवर. बसचे पैसे फीमध्येच धरलेले असताना ही रोज पेट्रोल का जाळते, याची थांब्यावर सगळ्यांना गंमत वाटे. "निघाला बघा मंत्र्यांचा ताफा," असं नातवाला बसमध्ये बसवताना मीच एकदा म्हटलं आणि 'ताफा' हेच नाव तिला चिकटलं. पुढे, हिचा बसवाल्यांवर विश्वास नाही, असं ठरवून लोक तिला संशयी म्हणू लागले. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. पण ती संशयी नव्हती, एवढं मला लिहून ठेवायचं आहे.

एकदा बसला उशीर झाला, तेव्हा मी तिला म्हटलं, "अहो, सांभाळायला बसमध्ये ताई असते की. त्याचीच तर फी घेतात."

हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "काका, बसात मराठी बोलायचं नाय, असं मीच पोरीला बजावलं. एक दिस शू लागली, इंग्लिशमधी सांगता येईना, कपड्यातच झाली. शाळेवाले म्हनतात, दोनी भाषा चालतात. पन आता मराठीत बोल म्हनलं तरी ती माझं बी ऐकत नाय. मागं मी दिसले तर शू लागल्यावर काचेतनं हात तरी करते. मग मी बस थांबवते."

शाळा द्विभाषिक आहे हे मलाही ठाऊक होतं, तरी नातवाला मीही तसंच दटावलं होतं.

दुपारी तो उतरल्यावर मी विचारलं, "बसमध्ये शू लागली तर काय करतोस रे?"

"दाबून धरतो, आजोबा," असं म्हणत तो घराकडे पळत सुटला.